एकाच भावकीतले दोन दाखले: नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांनी नेमकं केलं काय?

समजा, नेवासे तालुक्यातल्या एका गावात दोन चुलतभाऊ राहतात. आडनाव एक, पणजोबा एक, शेताचा बांधही एकच. एकाच्या घरात बुद्धाची मूर्ती, दुसऱ्याच्या घरात येशूची तसबीर. बाबासाहेबांचा फोटो मात्र दोन्हीकडे. दोघांच्या मुली एकाच वर्षी बारावी झाल्या आणि जातीच्या दाखल्यासाठी सेतू कार्यालयात गेल्या. एकीला अनुसूचित जातीचा दाखला मिळाला, दुसरीला इतर मागासवर्गाचा.

हे भाऊ मी कल्पनेतले घेतलेत, पण नगर जिल्ह्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. धर्म बदलला की जातीच्या सवलती राहतात की जातात, हा प्रश्न सारखा बातम्यांत असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितलं की, ख्रिस्ती धर्म पाळत राहून केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं चालणार नाही. त्याआधी 2022 साली केंद्राने माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा आयोग याच विषयासाठी नेमला. या बातम्या आल्या की 'मिशनरी' हा शब्दही वर येतो आणि लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, त्यांनी बाटवलं. दुसरी म्हणते, त्यांनी शिकवलं. दोन्ही वाक्यं अर्धी आहेत, आणि उरलेली अर्धी समजून घ्यायला नगरइतका चांगला जिल्हा नाही.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. गोष्ट जुनी असल्यामुळे इथे 'नगर' असंच म्हणतो.

## मिशन म्हणजे काय?

मिशन म्हणजे धर्मप्रचारासाठी परदेशातल्या लोकांनी चालवलेली संस्था. नगरच्या मुख्य मिशनचं नाव अमेरिकन मराठी मिशन, आणि त्याची पालक संस्था 1810 साली स्थापन झालेलं बॉस्टनचं मिशनरी बोर्ड. हे बोर्ड सरकारी नव्हतं. अमेरिकेतल्या लहान-मोठ्या गावांतली चर्च वर्गणी गोळा करत, ती बोर्डाकडे जाई आणि बोर्ड दरवर्षी प्रत्येक मिशनला मंजुरी देई. त्यामुळे तिकडे मंदी आली की इकडची शाळा अडचणीत. 1837 साली अमेरिकेत आर्थिक पडझड झाली, तेव्हा बोर्डाला हात आखडावा लागला होता.

रचना एसटीच्या डेपोसारखी डोळ्यांपुढे आणा. डेपो नगर शहरात: बंगला, शाळा, चर्च, छापील पुस्तकांचा साठा. नंतर वडाळा, राहुरी अशा ठिकाणी छोटे डेपो. तिथून आजूबाजूच्या गावांना फेऱ्या. प्रत्येक गावात गोरा साहेब बसलेला नसे, तेवढे साहेब नव्हतेच. गावात असे तो मराठी शाळामास्तर. दिवसा मुलांना बाराखडी शिकवायची, संध्याकाळी भजन घ्यायचं, रविवारी उपासना चालवायची. घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी असे ती बायबलबाई. तीही मराठीच. मिशनऱ्यांचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो, त्यातलं पायी चालण्याचं बहुतेक काम या लोकांनी केलं आहे. अहवाल मात्र साहेब लिहीत, म्हणून नावं साहेबांची उरली.

## 'इंग्रजांनीच आणले ना त्यांना?'

हा पहिला आक्षेप, आणि सुरुवातीपुरता तरी तो चुकीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माला हात लावला की दंगा होतो आणि दंगा झाला की धंदा बसतो, असा तिचा साधा हिशेब. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध चालू, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. मुंबईच्या गव्हर्नरने नरमाई दाखवली म्हणून ते टिकले. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने झाली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. हॉल पुढे 1826 साली नाशिककडून परतताना पटकीने गेला.

नगरला मिशनची माणसं आली ती डिसेंबर 1831 मध्ये. ग्रेव्हज, रीड, हर्व्हे हे तिघे अमेरिकन आणि बाबाजी रघुनाथ हे धर्मांतरित ब्राह्मण. वर्षाच्या आत हर्व्हे पटकीने वारला. थोड्याच काळात बाबाजीही त्याच रोगाने गेले.

सरकार आणि मिशन यांचं जमलं ते नंतर. 1854 च्या शैक्षणिक खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचं धोरण आणलं आणि मिशनच्या शाळाही त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्याआधी 1850 मध्ये एक कायदा झाला होता: धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. मिशनऱ्यांना असा कायदा हवाच होता. तेव्हा 'इंग्रजांनी आणले' हे खरं नसलं, तरी 'इंग्रजी राज्यात त्यांना आडोसा मिळाला' हे खरं आहे.

## धर्म सांगायला आलेले शाळा का काढत बसले?

हे मिशनरी प्रोटेस्टंट होते. त्यांच्या पंथात प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचायचा असतो. पुजाऱ्याने वाचला आणि भक्ताने हात जोडले, हे तिथे चालत नाही. आता ज्याला अक्षरओळख नाही तो वाचणार काय? म्हणून आधी अक्षर, मग धर्म. मिशनची शाळा उपकार म्हणून सुरू झाली नाही, ती त्यांच्या धर्माचीच गरज होती.

पण शाळेची एक गंमत असते. एकदा वाचायला शिकवलं की पोर काय वाचेल यावर मास्तरचा ताबा राहत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण नगरचंच आहे. सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईत आली, 1839 मध्ये नगरला आली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन पाहिल्या, आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फॅरारबाईंच्या हिशेबात हा 'फायदा' कुठल्या रकान्यात मांडायचा, हे बॉस्टनच्या बोर्डालाही सांगता आलं नसतं!

1842 साली नगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक. हेतू अर्थातच प्रचाराचा. पण याच 'ज्ञानोदया'त 1855 साली मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला गेला. ती फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाबद्दल तिने जे लिहिलं, ते आज मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने शिकवलं जातं. तेव्हाच्या कुठल्या दुसऱ्या मराठी पत्राने ते छापलं असतं का, मला शंका आहे.

मिशनऱ्यांतही एकाच साच्याची माणसं नव्हती. एबेनेझर बर्जेसला शाळेसाठी मराठीत खगोलशास्त्राचं क्रमिक पुस्तक करायचं होतं. त्या नादात तो 'सूर्यसिद्धान्ता'पर्यंत पोचला आणि 1860 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. वडाळ्याचा सॅम्युएल फेअरबँक पक्षी टिपण्यात रमायचा. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. हे विषयांतर झालं खरं, पण 'मिशनरी' म्हटलं की हातात पुस्तक घेऊन चौकात ओरडणारा एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून सांगावंसं वाटलं.

## महारवाड्यातच का?

सुरुवातीला मिशनऱ्यांची नजर वरच्या जातींवर होती. ब्राह्मण आले की बाकीचे मागोमाग येतील, असा अंदाज. 1839 मध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे 1854 मध्ये दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, आणि पाळक म्हणजे मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या लोकांच्या समूहाचा, धर्मगुरू. शहरात खळबळ उडाली, पण मागोमाग रांग काही लागली नाही. रांग लागली ती खेड्यांत, गावकुसाबाहेर.

का, ते समजायला त्या काळचं गाव आठवायला हवं. महारांकडे गावकीची कामं होती: सरकारी सारा पोचवणं, मेलेली गुरं ओढणं, सांगावा नेणं, वेशीची राखण. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि घरोघरची भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. शाळेचं दार बंद. 1856 साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तर तो मिळाला नाही. सरकारी शाळेची ही कथा, मग गावच्या पंतोजींच्या शाळेचं काय सांगावं?

अशा वेळी महारवाड्यात येऊन कोणी शाळा काढतो, मास्तर म्हणून आपल्यातलाच शिकलेला पोरगा बसवतो, साहेब आला की उंबऱ्याच्या आत येतो आणि घोंगडीवर बसतो. धर्माची चर्चा राहू द्या बाजूला, या एका गोष्टीचं वजन किती असेल!

दुसरं कारण भावकीचं. आपल्याकडे माणूस एकटा धर्म बदलत नाही. एकट्याने बदलला तर लेकीला स्थळ कुठून आणणार, मयताला खांदा कोण देणार? म्हणून एक घर गेलं की चार घरं जात, नाहीतर गेलेलं घर परत येई. परत येणारेही पुष्कळ होते. आणि गावकीचं जू ख्रिस्ती झाल्याने सुटलं नाही. 'तुझा देव कोणताही असो, मेलेलं ढोर कोण ओढणार?' हा पाटलाचा सवाल तसाच राहिला. ती वतनं कायद्याने गेली 1958 साली.

बाप्तिस्म्याने जात गेली का? कागदावर गेली. रोटीबेटीत बरीचशी तशीच राहिली. महारांतून आलेले ख्रिस्ती आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती यांच्यातली दरी बुजवताना पाळकांचा घाम निघाला आहे.

## 'भाकरीसाठीच बाटले की!'

सर्वांत बोचरा आक्षेप हा, आणि तो टाळून चालणार नाही. नगर हा दुष्काळी जिल्हा. 1876-77, 1896-97, 1899-1900 असे तीन मोठे दुष्काळ पडले. मिशनने धान्य वाटलं, कामं काढली, पोरकी मुलं सांभाळली. रॉबर्ट ह्यूम या मिशनऱ्याला दुष्काळी कामासाठी सरकारने 1901 मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. आणि दुष्काळांनंतर मंडळ्यांची संख्या वाढली, हेही खरं.

अनाथाश्रमातल्या मुलांचा मुद्दा तर मला स्वतःला खटकतो. आईबाप दुष्काळात गेलेलं सहा वर्षांचं पोर मिशनच्या ताटात जेवलं, मिशनच्या प्रार्थनेत वाढलं आणि ख्रिस्ती झालं. त्याने धर्म 'निवडला' असं म्हणता येत नाही. ते जगलं, हेही विसरता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरायला अवघड आहेत, पण धरायला हव्यात.

मोठ्या माणसांची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकन मिशन मंडळीत घेताना कडक होतं. परीक्षा, वाट पाहणं, दारू आणि जुने विधी सोडल्याची खात्री. त्याच सुमारास, 1870 च्या दशकात, इंग्लंडच्या चर्चचं दुसरं मिशन नगरला आलं आणि अमेरिकनांवर नाराज असलेले बरेच लोक तिकडे गेले. पुढे जेझुइट या रोमन कॅथलिक धर्मसंघाचे पाद्री आले, राहुरी-संगमनेरच्या पट्ट्यात त्यांचं बस्तान बसलं. मिशनरी एकमेकांवर चिडले: आमची माणसं पळवता! पण जरा महारवाड्याच्या बाजूने बघा. तीन दारं उघडी आहेत, आणि कुठे शाळा बरी, कुठे मास्तर आपला, कुठे मान मिळतो, याचा हिशेब लोक स्वतः करत आहेत. ज्यांना आपण 'भुलवलेले' म्हणतो, ते चांगले चोखंदळ होते. पोटाचा विचार त्यात होताच. पोटाचा विचार करणं हा फक्त गरिबाच्याच बाबतीत गुन्हा का ठरतो, हे मला कधी कळलं नाही.

भांडण आणखी एका गोष्टीवरून होतं. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये पाहणीला आले. त्यांचं मत पडलं की प्रचाराला मराठी पुरे, इंग्रजी शाळांवर पैसा घालू नये. त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहणारं देशी चर्च हवं होतं. तत्त्व छान. पण नव्या ख्रिस्ती घरांना पोरांच्या नोकरीसाठी इंग्रजी हवं होतं. आज मराठी शाळा की इंग्रजी शाळा यावर घरोघरी जे वाद होतात, तोच हा वाद.

## 'धर्म परका तो परकाच'

नगरकडच्या एखाद्या जुन्या मंडळीत उपासनेला बसून पाहा. पेटी, टाळ, अभंग. सुरुवातीच्या पिढीत हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत गीतं रचली, ती इंग्रजी चालींच्या जवळची. पण खेड्यात ती रुजेनात. मग कीर्तन आलं. पूर्वरंग, उत्तररंग, मागे टाळकरी आणि आख्यान मात्र येशूचं. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी ते घडवलं.

त्याचा कळस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पत्नी लक्ष्मीबाई मागाहून, 1900 मध्ये, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. धर्मांतराने घराचं काय होतं, रडू कसं येतं, सोवळं कसं सुटतं, हे जाणून घ्यायचं असेल तर कुठल्याही अहवालापेक्षा त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. आणि टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा स्वतंत्र बंधुसंघ उभारला. ख्रिस्त हवा, पण परदेशी मिशनचा पगार नको, हे सांगणारा माणूस मिशनच्याच अंगणात तयार झाला होता.

अमेरिकन मिशनची मंडळी पुढे 1970 मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाली. त्याआधी 1947 साली अहमदनगर कॉलेज सुरू केलं ते डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाने. कॅथलिकांकडे स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी उत्तरायुष्य पाणलोटाच्या कामाला दिलं, दरेवाडीसारख्या गावांत बांधबंदिस्ती उभी राहिली. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनवलं. आरोळे मिशनरी नव्हते. रजनीकांत तर याच जिल्ह्यातल्या सुप्याचे. पण गावातल्याच माणसाला शिकवून गावात ठेवायचं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीच्या शाळामास्तराची आठवण करून देते.

## मग त्या दोन दाखल्यांचं काय?

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती ठरल्या. त्यात अट होती ती हिंदू असण्याची. पंजाबातल्या काही शीख जाती सुरुवातीपासून होत्या, बाकीचे दलित शीख 1956 मध्ये आले. त्याच 1956 च्या दसऱ्याला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि नगरच्या महारवाड्यांतली बहुतेक घरं त्या वाटेने गेली. त्यांना राज्याच्या सवलती 1960 पासून आणि केंद्राच्या 1990 पासून मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. बाजूने म्हणतात: धर्म बदलला तरी गावाने वागवणं बदललं नाही, मग संरक्षण का काढलं? विरोधात म्हणतात: या धर्मांत जात नाही असं तुम्हीच सांगता, मग जातीच्या सवलती कशा मागता? दुसऱ्या सवालातला टोमणा झोंबणारा आहे, पण पहिल्याचं उत्तर त्यात नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे नॉन-क्रीमी लेअरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, सरपंचपदाची अनुसूचित जातीची राखीव जागा लढवता येत नाही, ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही. आपल्या त्या दुसऱ्या चुलतभावाने एवढं स्वीकारलं आहे.

पण ओबीसीचा दाखला काढायलाही पुरावा लागतो. घराण्याची 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद, आणि पूर्वज कोणत्या जातीतून ख्रिस्ती झाले हे दाखवणारा कागद. घरात असा कागद नसतो. मग मुलगी वडिलांना घेऊन आजोबांच्या जुन्या मिशन शाळेत जाते आणि जनरल रजिस्टर काढायला लावते. जिथे मास्तराने जातीच्या रकान्यात जुनी जातही लिहून ठेवली असेल, तिथे काम होतं. जिथे मास्तर तत्त्वाचा पक्का होता, आपल्या शाळेत जात मानायची नाही असं ठरवून त्याने नुसतं 'ख्रिस्ती' लिहिलं, तिथे पुराव्यासाठी पणजोबांपर्यंत मागे जावं लागतं. त्यांचा दाखला सापडला तर बरं.